सिद्ध कोणी करायचं?

गंगापूर रोडला हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्या भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. नवी सिंथेटिक नशा कायद्याच्या यादीत नाही, ती घातक असल्याचं संशोधनाने सिद्ध झालेलं नाही, दारू त्याहून वाईट, आणि ब्रिटनने मेफेड्रोन या अशाच सिंथेटिक नशेवर बंदी घातली ती मृत्यूंच्या खोट्या बातम्यांवरून. खाली त्याचा प्रश्न, ‘मावशी, बरोबर आहे ना?’

नाही रे, अजिबात नाही.

‘सिद्ध झालेलं नाही’ हेच सगळ्यात घातक वाक्य. काल-परवा तयार झालेल्या रसायनावर संशोधन येणार कुठून? पोरं ते घेणार, त्यातली काही दवाखान्यात पोचणार, तेव्हा कुठे डॉक्टरांच्या हाती काही लागणार. म्हणजे पुरावा जमेपर्यंत प्रयोग तुमच्या अंगावर! तापाची नवी गोळी विकायची तर ती सुरक्षित आहे हे आधी कंपनीला दाखवावं लागतं. पुडीवाल्याला ही सूट कशासाठी? न्यूझीलंडने २०१३ च्या कायद्यात हेच म्हटलं: धोका कमी आहे हे बनवणाऱ्याने सिद्ध करायचं, मग विकायचं.

ब्रिटनचं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. मार्च २०१० मध्ये तिथल्या स्कन्थॉर्पचे दोन तरुण गेले, मेफेड्रोननेच गेले असा गदारोळ झाला, एप्रिलमध्ये बंदी आली. नंतरच्या तपासणीत त्यांच्या शरीरात मेफेड्रोन निघालंच नाही. घाई झाली. पण त्याच वर्षाच्या अखेरीचा युरोपीय संघाचा निर्णय मेसेजवाल्याने वाचलेला दिसत नाही. थेट शास्त्रीय पुरावा मर्यादित आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मेफेड्रोन हेच एकमेव कारण दिसतं अशा दोन मृत्यूंची नोंदही आहे. औषधी उपयोग काही नाही आणि धोका दिसतोय, म्हणून खबरदारी घेऊन नियंत्रण आणा, असं त्यांनी सदस्य देशांना सांगितलं.

आणि यादीचं म्हणशील, तर आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत मेफेड्रोन आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याच्या आदल्या दिवशी ते निरुपद्रवी होतं का? हेच ते एमडी, ज्याचा कारखाना २०२३ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात सापडला.

दारू वाईटच. पण बाटलीवर प्रमाण तरी छापलेलं असतं. पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हा मेसेज तुला ज्या मित्राने पाठवला तो स्वतः घेत असेल, तर त्याला एक सांग. मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात, त्याच एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-ए खटल्यापासून संरक्षण देतं. त्याला एकट्याने जायची भीती वाटत असेल तर मला फोन कर, मी बरोबर येते.