मीटर दुरुस्ती, एक नग

बिल १८० रुपयांचं. आमच्या मंडळाच्या खजिनदारांनी त्याभोवती लाल पेनानं गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘कोणतं मीटर? विजेचं की पाण्याचं? खुलासा करावा.’ कोजागिरीच्या मसाला दुधाचं बिल याच सद्गृहस्थांनी चष्मा न लावता पास केलं होतं. असो. हा घ्या खुलासा.

मंडळाच्या मागच्या खोलीत एक बिलियर्ड टेबल आहे. बारा फूट बाय सहा फूट, कापडाखाली स्लेटचा दगड. कुण्या सरदारांचा वाडा विकला गेला, नव्या मालकाला ते नको होतं, म्हणून आमच्या गळ्यात पडलं. सोबत भिंतीवरची गुणांची पाटी आली. पितळी दांड्यांवर सरकणारे काटे, आणि मधे दोन्ही खेळाडूंना तीन-तीन चाकं. घुंडी फिरवली की खिडकीत आकडा बदलतो. प्रत्येक चाकाला दहा खाचा, आणि खाचेत बसणारी एक पट्टीची स्प्रिंग. ती बसली की ‘टक्’ होतं आणि आकडा खिडकीच्या मधोमध थांबतो. डावीकडच्या एककाच्या चाकाची स्प्रिंग मेली होती. वर कुणीतरी पुण्यवंतानं त्यात खोबरेल ओतलेलं. तेल, धूळ आणि क्यूला, म्हणजे चेंडू मारायच्या काठीला, लावायच्या खडूची भुकटी यांची आत खळ झाली, आणि चाक सातावर कायमचं बसलं. डावीकडचा माणूस शून्यावर हरला तरी सात.

अमेरिकेतल्या काही जुन्या पूल टेबलांना अशी आकड्यांची चाकं टेबलाच्या कडेतच बसवलेली असतात. तिथं मिस्त्रीच घरी येत असणार, टेबल कोण उचलून नेणार? आमची पाटी भिंतीवरची, म्हणून हमाल मी.

घड्याळवाल्यानं “बहुत बड़ा है” म्हणून परत पाठवलं, सुतारानं “बहुत छोटा है” म्हणून. शेवटी सियागंजजवळच्या एका गल्लीत रिक्षाची मीटरं दुरुस्त करणारा सापडला. इंदूरात! जिथं ‘मीटरनं चला’ म्हटलं तर रिक्षावाला आधी हसतो आणि मग भाडं वाढवतो. माणूस अर्थातच मोकळा होता.

दुकानात बाकावर एक काका बसले होते. गिऱ्हाईक नाही, मालकाचे नातेवाईक नाहीत. रामबागेत राहतात आणि रोज इथे येऊन बसतात, एवढीच ओळख. पुड्यातले पोहे खाता खाता त्यांनी पाटीकडे पाहिलं.

“हे काय घेऊन आलात? पंचांग?”

“गुण मोजायची पाटी आहे, काका. बिलियर्डची.”

“खेळणारे किती?”

“दोन.”

“दोघांत मिळून लक्षात नाही राहत?”

मी म्हटलं, राहतं, पण वेगवेगळं राहतं. काका मालकाकडे वळले. “ऐकलंस? यांच्या क्लबात एकमेकांवर भरोसा नाही.”

यावर गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. पण मी त्यांना स्नूकर, म्हणजे त्याच टेबलावरचा दुसरा खेळ, समजावायला घेतलं. लाल चेंडू पंधरा, प्रत्येकी एक गुण. लाल भोकात घातला की एक रंगीत घालायचा. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, असं चढत चढत काळ्याचे सात. लाल संपेपर्यंत रंगीत परत टेबलावर ठेवायचे, मग शेवटी ओळीनं घालायचे. काकांनी डोळे मिटले.

“दर लालमागे काळाच घातला तर? एक आणि सात आठ. पंधरा आठे वीसासे. वर शेवटचे सहा रंगीत, सत्तावीस. एकशे सत्तेचाळीस.” डोळे उघडले. “मग चाकं ९९९ पर्यंत कशाला? ८५२ आकडे फुकट!”

मी म्हटलं, फाऊलचेही गुण असतात, कमीत कमी चार, आणि ते समोरच्याला मिळतात.

“चूक त्याची आणि कमाई आपली? धंदा चांगला आहे.”

“आणि पाटी मुळात बिलियर्डची आहे,” मी चिडून म्हणालो. “त्यात गुण शेकड्यांनी होतात. आपल्या गीत सेठींनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत एका ब्रेकमध्ये, म्हणजे एकाच खेपेला न चुकता, १२७६ केले.”

“तीन चाकांत कसे मावले?”

मी गप्प.

“म्हणजे स्नूकरला मोठी होते अन् बिलियर्डला पुरत नाही. बनवली कोणी?”

“इंग्रजांनी.”

“हं,” काका म्हणाले, आणि शेव तोंडात टाकली.

मग मी प्रांताभिमानाला हात घातला. म्हटलं, स्नूकर जन्मलं ते आपल्या जबलपूरला, १८७५ साली, लष्करातल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून.

“मग जबलपूरलाच न्यायची ना!”

मालकानं पेचकस खाली ठेवला. “सई के रिये हो, काकाजी.”

काम मात्र त्यानं झकास केलं. चाक घासलेटात धुतलं, खाचा कानशीनं साफ केल्या, एका मेलेल्या मीटरमधली पट्टी कापून स्प्रिंग बसवली. बिलबुकात ‘मीटर रिपेरिंग’ हे छापूनच आणलेलं, फक्त नग भरायचे. त्यानं भरला. एक.

आता जरा मनातलं. पूर्वी आमच्याकडे गुण सांगायला मार्कर होता. तो निवृत्त झाला, जागा भरली नाही, पगार वाचला आणि खोलीला फॉल्स सीलिंग आलं. टेबलाचं कापड अजून फाटकंच आहे. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर याच पाटीचा फोटो छापतात, खाली ‘आपला वारसा’. तिला एक स्प्रिंग लागली की खुलासा. तरुण पोरं गुण मोबाईलवर मोजतात आणि घुंडीला हेल्मेट अडकवतात. त्या घुंडीला!

परवाच्या रविवारी दार ढकलून काका आत आले. मंडळाचं नाव मीच सांगितलं होतं, बोलण्याच्या भरात. सभासदांच्या बाकावर बसले आणि मोठ्यानं गुण मोजू लागले. निळा गेला, मी पाच फिरवले, चाक नव्या स्प्रिंगच्या मस्तीत एक घर पुढे उडालं. “सहा झाले, भाऊ! निळ्याचे पाच!” अख्खी खोली हसली. अध्यक्ष तर इतके खूश झाले की काकांना दर रविवारी यायचं आमंत्रण. पोहे-जलेबी मंडळाकडून. काका बसून गुण सांगणार. चाकं मी फिरवायची, कारण काकांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही.