स्वतंत्रपूरला भिंत नव्हती

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकूंसोबत कारागृहात मुलाखतीला गेले होते. त्यांचा मुलगा पक्का कैदी, जन्मठेपेवर. मधे काच, बोलायला फोन, तेही मिनिटं मोजून. त्याची सात वर्षांची लेक बरोबर होती. तो आत गेला तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. वेळ संपली तरी काचेवरचा हात काढेना. शेवटी काकूंनी उचलून आणलं.

परतीच्या एसटीत मला सारखं आटपाडी आठवत होतं.

माणदेशातल्या त्या कोरड्या माळावर, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये औंध संस्थानाने स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांची वसाहत, पण तटबंदी नाही. कसायला जमीन, राहायला घर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बायकोमुलं सोबत. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे मूळचे पोलंडचे इंजिनिअर. बंगळूरचा कारखाना सोडून औंधला आले आणि भारतानंद झाले. (निसर्गदत्त महाराजांची निरूपणं इंग्रजीत नेली तेही हेच.) त्यांच्या पाठीशी उभे राहिले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्याच सुमारास या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली होती. जो राजा अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्यावर राज्य चालवण्याचा विश्वास टाकतो, त्याला कैद्यावर विश्वास टाकणं जड गेलं नसावं.

हे किती धाडसाचं होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं. १८३८ मध्ये मेकॉलेच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने कैद्याला सुधारण्याच्या गोष्टी मोडीतच काढल्या होत्या. तुरुंगातलं काम कंटाळवाणं आणि कठोरच हवं, कैद्याला धाक बसला पाहिजे, हे तिचं धोरण. कैद्याला सुधारून समाजात परत आणणं हे तुरुंगाचं काम आहे, असं सरकारी कागदावर नीट उमटायला १९१९-२० ची जेल कमिटी यावी लागली. तरीही कारभार १८९४ च्या कायद्यावरच चालू राहिला. त्या काळात एका छोट्याशा संस्थानाने भिंतच काढून टाकली!

पुढे शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा गदिमांची, म्हणजे याच माणदेशच्या माणसाची, आणि प्रेरणा स्वतंत्रपूरची. चित्रपट मला फार प्रिय आहे. पण त्यामुळे एक झालं. आपल्या मनात राहिला तो सहा खुनी कैद्यांना नुसत्या नजरेच्या धाकाने सुधारणारा देवमाणूस जेलर आणि त्याची नजर. प्रत्येक तुरुंगाला असा जेलर कुठून मिळणार, असं म्हणून आपण मोकळे झालो. मला वाटतं, स्वतंत्रपूरची ताकद एका नजरेत नव्हती, ती तिथल्या चुलीत होती. संध्याकाळी भाकरी थापणारी बायको आणि अंगणात खेळणारं पोर असलं, की माणसाला पळून जायचं कारण उरत नाही आणि नीट वागायचं कारण रोज डोळ्यांसमोर असतं. ही व्यवस्था आहे. ती नियमात लिहिता येते, दुसरीकडे उभी करता येते.

राजस्थानने ती केली. संपूर्णानंद राज्यपाल असताना, १९६३ मध्ये, जयपूरजवळ सांगानेरला खुलं बंदीशिबिर सुरू झालं. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात, हजेरीला परत येतात, आपल्या कमाईवर घर चालवतात. राजस्थानात आज अशी शिबिरं डझनांनी आहेत.

आणि आपण? मूळ बी आपल्या मातीतलं. पण स्वतंत्रपूर पंचवीस-तीस कैद्यांपलीकडे फारसं वाढलंच नाही. आपल्या इतर खुल्या कारागृहांत शेतीचं काम मिळतं, शिक्षेत जादा माफी मिळते. संसार मिळत नाही.

'आणि ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचं काय?' हा प्रश्न कमेंटमध्ये येणार. तो रास्त आहे, मी तो झटकणार नाही. शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती खुल्या कारागृहातही शिक्षाच असते. पण आतल्याच्या लेकीला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा सुनावलेली नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महसुली विभागात स्वतंत्रपूरसारखी एक तरी वसाहत उभी राहावी, घरांसकट, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असलेली. काकूंच्या मुलाला सहा वर्षं झाली, वर्तन चांगलं आहे. त्याच्यासाठी अर्ज लिहायला मी उद्या बसणार आहे.