लाजवर्द नुसता दळून भागत नाही

लाजवर्द या निळ्या दगडापासून बनणाऱ्या अल्ट्रामरीन या निळ्या चित्ररंगावरच्या लेखातलं ‘लाजवर्द दळून जवसाच्या तेलात घोटला की अल्ट्रामरीन तयार’ हे वाक्य पटलं नाही. नुसतं दळलं तर हाती येते राखाडी भुकटी, कारण दगडात कॅल्साइट आणि पायराइट ही दुसरी खनिजंही असतात. चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराने लिहून ठेवलेल्या कृतीत एक पौंड भुकटीला ६ औंस पाइनची राळ, ३ औंस रुमी मस्तकी (झाडाचा डिंक) आणि ३ औंस मेण लागतं. हा गोळा किमान ३ दिवस रोज मळायचा. मग राख भिजवून गाळलेल्या कोमट पाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचं. निळे कण सुटून तळाशी बसतात, बाकीचा गाळ गोळ्यातच अडकतो. पहिल्या खेपेला निघालेला रंग सर्वांत गडद, शेवटचा जेमतेम राखी.

अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून दगड आणण्याचा खर्च सगळेच सांगतात, ही मजुरी कुणी धरतच नाही! शिवाय भुकटी फार बारीक झाली तर रंगच फिका पडतो.