‘एक स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऊन न सोसणाऱ्या माझ्या मुलीच्या आजारावर मी लिहिलेल्या ‘उन्हाशी वैर’ या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्या वाचनात आलेला राग तिसऱ्या वाचनापर्यंत ओसरेल अशी आशा होती. तो ओसरला नाही, म्हणून तो मनात ठेवूनच लिहीत आहे. ‘स्पष्ट बोलतो, राग मानू नये’ अशी आपण सुरुवात केली आहे. अशी सुरुवात करणाऱ्याला समोरचा दुखावणार हे पुरते ठाऊक असते, फक्त त्याचा दोष स्वतःकडे नको असतो, असा माझा अनुभव आहे. स्वतःचे नाव झाकून स्पष्टवक्तेपणा करणे तर त्याहून सोपे.

जे मान्य करायला हवे ते आधी मान्य करते. ‘काचेतून सगळेच अतिनील किरण आत येतात’ हे माझे वाक्य ढोबळ होते. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी ‘बी’ प्रकारचे किरण साधी काच बहुतांशी अडवते. ‘ए’ प्रकारचे मात्र तिच्यातून येतात, आणि म्हणूनच आमच्या खिडक्यांना ते अडवणारी पारदर्शक फिल्म लावलेली आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आपली आभारी आहे.

आता आपले ते वाक्य. ‘सकाळचे कोवळे ऊन आजवर कोणाला बाधले आहे? पोरीला अंधारात कोंडून तुम्ही स्वतःच्या भीतीची शिक्षा तिला देत आहात.’

कोणाला बाधले, असे आपण विचारता. माझ्या मुलीला बाधले, आणि त्या उन्हात तिला मीच घेऊन बसले होते. बाळंतपणाला मी सोलापूर जिल्ह्यात माहेरी गेले होते. बाळाला तेल लावून झाले की न्हाऊ घालण्याआधी घटकाभर अंगणात कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन बसायचे, हा आमच्याकडचा रिवाज. आजीने पाळला, आईने पाळला, मीही पाळला. काही दिवसांत तिचे गाल आणि कपाळ लाल झाले, आणि ती लाली उतरायच्या ऐवजी दोन-तीन दिवस वाढत जाऊन तिथे फोड आले. तालुक्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, कढत पाणी सांडले का, खरे सांगा. घरच्यांनी तेल लावणाऱ्या बाईंवर संशय घेतला आणि त्यांचे येणे बंद केले. त्या बाईंची क्षमा मागायची राहून गेली. दीड वर्षाची असताना तिच्या चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके उमटले, त्यांना माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, वांग म्हणाल्या. झेरोडर्मा पिगमेंटोसम हे तिच्या आजाराचे नाव आम्ही प्रथम ऐकले ते ती अडीच वर्षांची असताना, मुंबईत. तेव्हा ‘कोवळे ऊन’ हे दोन शब्द लिहिताना आपला हात जरा अडखळायला हवा होता. पण माझे लेख आपण ‘नेमाने’ वाचता, असे आपणच लिहिले आहे.

अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की त्यातली शेजारशेजारची अक्षरे, म्हणजे त्याचे रासायनिक घटक, एकमेकांना चिकटतात. आज सकाळी आपण बागेत फिरून आला असाल तर हे आपल्याही कातडीत घडले आहे. फरक इतकाच की आपली पेशी बिघडलेल्या जागेभोवतीचा सुमारे तीस अक्षरांचा तुकडा कापून काढते आणि त्या जागी नवा भरते. या आजारात ही दुरुस्ती होत नाही, हे जेम्स क्लीव्हर या संशोधकांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, आणि ती दुरुस्ती चालते कशी हे उलगडणारे शास्त्रज्ञ अझीझ सँकार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे उन्हाची उधारी आपण रोजच्या रोज फेडता. माझ्या मुलीच्या खात्यावर ती साचत जाते, मग ते ऊन सकाळचे असो की ढगाआडचे. वीस वर्षांखालील अशा रुग्णांना मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोगांचा धोका इतरांच्या सुमारे १०,००० पट असतो. तिच्या नाकावरची पहिली गाठ आठव्या वर्षी काढली. त्यानंतर पाच शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतली एक जिभेच्या टोकावरची. यालाच आपण ‘भीती’ म्हणता.

आणि अंधार कुठला? आमच्या घरात एलईडी दिव्यांचा लखलखाट असतो. नवीन जागी गेलो की ती स्वतः अतिनील किरण मोजायचे यंत्र बाहेर काढून प्रत्येक दिवा तपासते. दिवेलागणीनंतर ती सायकल चालवते. ‘ड’ जीवनसत्त्व तिला औषधातून मिळते आणि त्याची रक्ततपासणी ठरलेल्या वेळी होते, त्यामुळे तो उपदेश आपण स्वतःच्या नातवंडांसाठी राखून ठेवावा. हे शब्द कठोर आहेत याची मला जाणीव आहे.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या प्रथेची मी ‘बदनामी’ केली, हे खोटे आहे. ती मामाची मुलगी मीच आहे. एकाच आजी-आजोबांकडून तेच सदोष जनुक नवरा-बायको दोघांकडे आलेले असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. आमचा थोरला मुलगा ठणठणीत आहे. ‘हजारो घरांत अशी लग्ने झाली, काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर बिघडलेल्या घरात येऊन विचारायचे नसते. सनस्क्रीनच्या कंपनीकडून मला पैसे मिळतात, हे वाचून मात्र घरात सगळे हसले, कारण त्या ट्यूबांची महिन्याची बिले माझा नवरा भरतो.

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न: ‘इतक्या लेखांत मुलगी स्वतः काय म्हणते ते एकदाही कसे आले नाही?’ ती चौदा वर्षांची आहे, तिची सहामाही चालू आहे, आणि हे लेखन तिला दाखवावे असे मला अजून वाटलेले नाही.