ओंडका राहू द्या, थर्माकोल उचला

मुंबई बंदरातला तरंगता कचरा काढायचं मनावर घेतलंत? मग आधी पंचांग काढा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती चार मीटरच्या वर जाते, तिवरांत अडकून बसलेला माल सुटतो आणि ओहोटीबरोबर बोटींच्या वाटेवर येतो. हे दिवस टाळा. अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचा काळ, धरा. पाणी निवांत, कचरा कमी, टोपीला धोका नाही.

नाल्याच्या तोंडाशी तरंगता अडसर लावताना दोन्ही टोकं खुंटीला आवळून बांधा. भरतीला तो बुडेल, ओहोटीला लोंबेल, कचरा दोन्ही वेळा सुखरूप जाईल. टोकं खांबावर वरखाली सरकती ठेवणं, अडसर प्रवाहाला तिरका लावून कचरा काठाकडे वळवणं, असले लाड कशाला?

पाण्यावर थर्माकोल उचला. हलका, पांढरा, फोटोत उठून दिसतो. पाणी पिऊन जड झालेल्या ओंडक्याकडे बघूही नका. त्याचं जेमतेम टोक वर असतं, लाटांत ते रडारवरही हरवतं, आणि भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराकडे निघालेल्या लाँचचा पाण्याखालचा, बोट ढकलणारा पंखा वाकवायला तेवढा पुरतो. मग पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, थरथरतो, बेअरिंग झिजतं, सीलमधून पाणी आत येतं. ओंडका ओढायचाच झाला तर दोर मधोमध बांधा, म्हणजे तो आडवा होऊन तुमचीच बोट फिरवेल. टोकाला फास टाकून सावकाश ओढण्यात काय मजा?

कळवायचं असेल तर ‘घारापुरीच्या बाजूला कुठंतरी’ एवढंच कळवा. अक्षांश-रेखांश, वेळ आणि पाण्याची ओढ सांगितलीत तर कुणीतरी खरंच शोधायला जाईल.

पिशव्या सोडून द्या. इंजिन थंड ठेवणारं पाणी बोटीच्या तळातून आत येतं. त्या तोंडाला पिशवी चिकटली की इंजिन तापतं आणि नेमकं मोठ्या जहाजाच्या वाटेत बंद पडतं. उतारूंना जहाज जवळून बघायला मिळतं, तेही त्याच तिकिटात.

गोळा केलेला ढीग धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर रचा. पुढची भरती तो विनामूल्य हलवते.

राहिली फाटकी नायलॉनची जाळी. ती पंख्यावर गुंडाळली की घर्षणाने वितळून गच्च बसते, मग एका खलाशाला सुरी घेऊन खाली उतरावं लागतं. उतरण्याआधी त्याने इंजिन बंद आहे का विचारलं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात मागितली, तर त्याला भित्रा म्हणा.