खुलासा: युरियाने सेंद्रिय कर्ब ‘जळतो’ का?

‘युरिया टाकला की जमिनीतला सेंद्रिय कर्ब जळतो, रासायनिक खत बंद करा, कर्ब आपोआप वाढेल’ असा मजकूर शेतकऱ्यांच्या गटांत फिरतो आहे. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या काडी-मुळांतून, शेणखतातून मातीत राहिलेला कार्बन. यातला दुसरा भाग जास्त घातक आहे.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या एका शेतात १८४३पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे कोणतंच खत न दिलेल्या वाफ्यांत कर्ब सर्वांत कमी. नत्र, स्फुरद, पालाश ही रासायनिक खतं दिलेल्या वाफ्यांत थोडा जास्त, कारण पीक जोमदार आलं की मुळं आणि धसकटंही जास्त राहतात. दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळालेल्या वाफ्यांत तो दुपटीहून अधिक झाला. अर्थात, एवढं शेणखत आपल्याकडे किती जणांच्या उकिरड्यात निघतं?

युरियाला मोकळं सोडायचं कारण नाही. युरियातून फक्त नत्र मिळतं; स्फुरद-पालाशाविना नुसता युरिया ओतला, तर पीक तो पुरता उचलत नाही. जादा नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो.

पाण्याचंही तसंच, फायदा आणि तोटा दोन्ही. ओलिताने काड आणि मुळं वाढतात, पण उबदार, ओल्या मातीत कुजणंही वेगाने होतं. त्यात गव्हाचं काड पेटवून दिलं, तर पाण्याने वाढवलेला कर्ब धुरात गेला. तो दोष युरियाचा नाही, काडीपेटीचा आहे.