द्रौपदीला एक प्रकरण द्यायला काय हरकत होती?

शिवाजी सावंतांच्या मृत्युंजय कादंबरीत द्रौपदीला स्वतःचं प्रकरण का नाही हा प्रश्न मला कॉलेजपासून छळतोय. आजवर ज्याला ज्याला विचारलं त्यानं एकतर "अगं पुस्तक कर्णाचं आहे ना" म्हणून उडवून लावलं, नाहीतर "मी किती रडले होते माहितीये" यावर गाडी नेली. रडले मीही होते. आमच्या घरातल्या प्रतीचं पुठ्ठ्याचं कव्हर कधीच निखळलंय आणि मधली काही पानं आईनं खळीनं चिकटवलीत, म्हणजे प्रेम किती आहे यावर वाद नको. पण प्रेम असलं म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत असं थोडंच आहे.

बघा ना, पुस्तकाचे भाग नऊ आणि बोलणारे सहा. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. त्यातला शोण, कर्णाचा धाकटा भाऊ, व्यासांच्या महाभारतात शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही, सावंतांनी तो जवळजवळ नव्यानंच उभा केलाय. वृषालीचंही तेच. म्हणजे लेखकाला नवीन माणूस घडवून त्याला बोलतं करायला काहीच अडचण नव्हती. आणि कर्णाबद्दल बोलायला जिच्याकडे सगळ्यात जास्त कारण आहे, भर द्यूतसभेत कर्ण जिला काय म्हणाला ते महाभारतातच लिहून ठेवलंय आणि कुठल्याही कादंबरीकाराला ते पुसता येत नाही, ती बाई मात्र गप्प. तिच्याबद्दल सगळं आपण दुसऱ्यांकडून ऐकायचं. अर्जुनालाही प्रकरण नाही, पण त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, त्याला इतर पुस्तकांत भरपूर मिळालंय :)

थोडक्यात कोर्टात सहा साक्षीदार उभे केलेत आणि सहाच्या सहा बचाव पक्षाचे. दुर्योधन हिशेबी आहे, कुंती स्वतःच अपराधी आहे, हे सगळं खरं, पण त्यांच्यातल्या एकालाही कर्णाचा राग येत नाही.

आता मला वाटतं की सावंतांना हे पक्कं कळत होतं. कादंबरी आली १९६७ मधे, तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे, कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. त्या वयात एवढ्या थोरल्या पुस्तकाची बांधणी करणारा माणूस द्रौपदीला चुकून विसरेल हे मला पटत नाही. त्यानं ते मुद्दाम केलंय. कारण वाचणाऱ्याचं एक असतं, ज्याला तोंड मिळतं तो आपला होतो. पानंच्या पानं सूर्य, गंगेचा काठ, कवचकुंडलं, सूतपुत्र म्हणून झालेली अवहेलना असं सगळं आत मुरल्यावर जर मधेच वीस पानं द्रौपदीनं "मी" म्हणून लिहिली असती ना, त्या सभेत तिला नक्की काय वाटलं आणि कर्णाचे शब्द कुठे लागले ते, तर आपण तिचे झालो असतो. मग शेवटी चाक रुतलं तरी डोळ्यात पाणी आलं नसतं, निदान इतकं तरी नाही. सावंतांना आपल्याला रडवायचं होतं, त्यांनी रडवलं.

माझी तक्रार एवढीच की पुस्तकात दम होता, ते प्रकरण त्यानं पचवलं असतं.

बरं शेवटचा भाग कृष्णाला दिलाय ते मात्र अफलातून आहे, त्याबद्दल कितीही बोललं तरी कमीच. मेलेला माणूस स्वतःचं मरण सांगू शकत नाही, तेव्हा कुणीतरी दुसरा लागणारच होता. तो शोण करता आला असता, वृषाली करता आली असती, आणि ते सोपं झालं असतं, रडारड तयारच होती. त्याऐवजी ज्यानं अर्जुनाचा रथ हाकला आणि "आता सोड बाण" म्हणून सांगितलं त्यालाच बोलायला लावलंय. आणि हा कृष्ण द्रौपदीचा सखा आहे हे विसरू नका! जगात द्रौपदीची बाजू घेणारा एकच माणूस, आणि कर्णाबद्दलचा शेवटचा शब्द त्याच्याकडे. कधीकधी मला वाटतं की द्रौपदीचा हिशेब सावंतांनी तिथे कृष्णाच्या हातून गुपचूप चुकता केलाय. कधीकधी वाटतं की मीच जास्त शहाणपणा करतेय, त्यांच्या डोक्यात असलं काही नसेलही.

आणि गंमत म्हणजे त्याच १९६७ मधे इरावतीबाई कर्व्यांचं युगान्त आलं, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. एकाच वर्षी मराठीत ही दोन पुस्तकं! ती कादंबरी आणि हे लेख, तुलना सरळ नाही, मान्य. पण युगान्तमधला कर्ण वाचा, बाईंनी त्याला अजिबात लाडावलेलं नाही, तो कुठेकुठे चुकला ते शांतपणे मांडत जातात आणि त्यांची वाक्यं अशी कोरडी की मृत्युंजय नुकतंच वाचलेलं असेल तर राग येतो. मला आला होता. द्रौपदीच्या लेखात मात्र त्या अगदी शेवटी एक गोष्ट करतात. आख्खं पुस्तक भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला धरून, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक ना त्या, डेक्कन कॉलेजच्या, पुराव्याशिवाय बोलणार नाहीत. आणि तिथे सरळ सांगून टाकतात की इथपर्यंतचं महाभारतातलं होतं, इथून पुढची माझी नरोटी, म्हणजे माझ्या पदरची भर. मग वाटेत कोसळलेली द्रौपदी आणि परत तिच्याकडे आलेला भीम. पुढच्या जन्मी पाचांतला थोरला तू हो, असं ती त्याला म्हणते. सगळा लेख पुराव्यावर चालवून शेवटच्या दीड पानात बाईंना राहवलं नाही, आणि राहवलं नाही हे लपवलंही नाही. मला हा निर्णय मराठीतल्या सगळ्यात धाडसी निर्णयांपैकी एक वाटतो. कादंबरीकारानं जिला बोलू दिलं नाही तिला शास्त्रज्ञ बाईनं बोलतं केलं, त्याच वर्षी.

ययातिचा घोळ वेगळाच आहे. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची, पुढे १९७४ मधे ज्ञानपीठ वगैरे. त्यात तिघं बोलतात, ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. देवयानीला स्वतःचा आवाज दिला हे मला फार आवडतं कारण तिला नुसती खाष्ट बायको करून सोडणं अगदी सोपं होतं, आणि ती स्वतः बोलायला लागल्यावर खाष्टच राहते पण का ते कळतं. पण ज्या पोरानं बापाला आपलं तारुण्य काढून दिलं तो पुरू? त्याला एक भाग नाही! सगळ्या गोष्टीत ज्याचं सगळ्यात जास्त गेलं त्याला काय वाटलं हे विचारायचंच नाही? आणि कच, जो मूळ कथेत देवयानीशी शापाशापी करून जातो तो ययातिच्या गोष्टीत परत फिरकतही नाही, त्याला खांडेकरांनी परत आणून भरपूर जागा दिली. पण त्याच्या तोंडी निवेदन दिलं नाही यासाठी मी त्यांची आभारी आहे. खांडेकरांना सुविचाराचा मोह किती ते आपल्याला माहितीये, त्यात कच बोलायला लागला असता तर निम्मी कादंबरी वहीत उतरवून घ्यावी लागली असती.

पुरूचं मात्र मला अजूनही कळलेलं नाही. दोनच वर्षांनी, १९६१ मधे, गिरीश कार्नाडांचं ययाति नाटक छापून आलं, कन्नडमधे, लिहिलं तेव्हा माणूस विशीतला. त्यांनी काय केलं तर पुरूला बायको दिली. चित्रलेखा. नवीन लग्न झालेली मुलगी आणि नवरा एकदम म्हातारा होऊन समोर उभा. ती सासऱ्यालाच जाब विचारते की त्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत ना, मग माझं काय, तीही जबाबदारी घ्या. आणि शेवटी जीव देते. म्हणजे आख्ख्या कथेत जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं तो विचारायला कार्नाडांनी एक माणूसच नवीन आणलं. हे नाटक मी खांडेकरांच्या कितीतरी नंतर वाचलं आणि वाचून झाल्यावर खांडेकरांवर थोडी चिडले, जे अन्यायाचं आहे, मला माहितीये.

आता मालिकांकडे येते, नाहीतर लोक म्हणतील हिला पुस्तकांचंच कौतुक.

मालिकेत निर्णय कुणाचा हेच आधी कळत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर चॅनल, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. त्यामुळे होणार सून मी ह्या घरची मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की आख्ख्या फेसबुकवर तोच एक विनोद चालू होता, त्याचं खापर मी कुठल्याही लेखकावर फोडणार नाही. तो क्रिएटिव्ह निर्णय नव्हताच, ती मुदतवाढ होती. काहीही हं श्री म्हणायचं आणि पुढे जायचं.

पण दिल दोस्ती दुनियादारीचं कोडं खरं कोडं आहे. २०१५-१६ मधे सहा पोरं, एक फ्लॅट, माजघर. कैवल्य, आशू, सुजय, रेश्मा, मीनल, अॅना. संपली तेव्हा हळहळलो सगळे. २०१७ मधे दिल दोस्ती दोबारा आली, तेच सहा चेहरे, पण नावं वेगळी, गोष्ट वेगळी, आणि मुळात माणसंच वेगळी. का??? मला तो भाग बघताना सारखं वाटायचं की हा कैवल्य असं का वागतोय, आणि मग आठवायचं की हा कैवल्य नाहीच. काही महिन्यांत संपली. आता तुम्ही म्हणाल नाटकात नाही का चालत. चालतं ना! त्याच कंपूतल्या काहीजणांचं अमर फोटो स्टुडिओ मी नाट्यगृहात बघितलं आणि एकदाही कुणाला जुन्या नावानं हाक मारावीशी वाटली नाही. पण नाटक बघायला आपण तयार होऊन त्यांच्याकडे जातो. मालिकेतली माणसं रोज रात्री आपल्या घरात, आपण भात कालवत असताना येतात, आणि रोज येणारा माणूस एक दिवस आला आणि म्हणाला मी तो नव्हेच तर आपण काय करणार. उलट चेहरा बदलला आणि माणूस तोच राहिला तर कुरकुरत का होईना चालवून घेतो. असंभवमधली शुभ्रा मधेच बदलली होती, आठवतंय? तिथे गोष्टच पुनर्जन्माची होती म्हणून आमच्या घरात तर बिनविरोध खपून गेलं.

आणि मग रात्रीस खेळ चाले. यावर मी आईशी अजून भांडते.

पहिला भाग, २०१६. अण्णा नाईक सुरुवातीलाच जातात आणि सगळं कुटुंब कोकणातल्या वाड्यात जमतं. त्यानंतर अण्णा म्हणजे लोकांच्या तोंडचे किस्से, घरातली भीती, कुणीतरी मधेच तोडलेलं वाक्य. जो माणूस घराच्या मधोमध होता तोच नाही, आणि बाकीचे त्या रिकाम्या जागेभोवती वावरतायत. शेवट मला पटला नाही, पण ती रिकामी जागा फार भारी होती. मग २०१९ मधे दुसरा भाग आला तो थेट मागे गेला आणि अण्णा जिवंत, समोर, रोज. माधव अभ्यंकर अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर त्यांची शेवंता, म्हणजे कामाला नावं ठेवायची सोयच नाही, मी एकही भाग सोडला नाही. पण कोडं असं की ज्या माणसाचं न दिसणं हीच जमेची बाजू होती त्याला दाखवायचं ठरवलं कुणी? आणि दाखवल्यावर झालं काय, अण्णा लाडके झाले! बाई, जमीन, माणसांचे जीव, काही म्हणता काही सोडलं नाही या माणसानं आणि लोक त्याच्या मीम्स करून सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकतायत. आमच्या मावशीनं तर "शेवंताचा फोटो डीपीला ठेवू का" असं विचारलं होतं. म्हणजे परत तेच, ज्याला पडदा मिळतो त्याचे आपण होतो, मग तो कर्ण असो की अण्णा.

आईचं म्हणणं की दुसरा भाग अण्णांचा नाहीच, माईचा आहे, त्यांच्या बायकोचा. सगळं कळतंय, तोंड सोडलं तर मालवणीत समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरतील, पण रांधायचं तिलाच, वाढायचं तिलाच, आणि नवरा रात्री कुठे जातो हे गावाला माहीत. आईच्या मते कॅमेरा अण्णांवर असला तरी गोष्ट माई सांगतेय. मी म्हणते असं असेल तर मग तिला सांगू द्या ना, सगळी मालिका तिच्या नजरेतून दाखवा, ती नसेल तिथे आपणही नसू, शेवंताकडे काय चाललंय ते तिला जेवढं कळेल तेवढंच आपल्याला. शेवंता फक्त ऐकू येईल, दिसणार नाही. काय भीती वाटली असती! आई म्हणते तसं केलं असतं तर तीन आठवड्यात बंद पडली असती, शेवंता न दाखवता मालिका चालते का. आईचं बरोबर असणार.

आणि पांडू, नाईकांच्या घरचा गडी. या सगळ्यात माझा सगळ्यात आवडता निर्णय पांडू आहे. घरात कोण कुठे गेलं, कुणी काय पुरलं, कोण कुणाशी काय बोललं, हे सगळं ज्यानं बघितलंय असा माणूस, आणि काहीही विचारा, "इसारलंय". त्याला खरंच आठवत नाही की सांगायचं नाहीये हे मालिकेनं शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आता हा पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखकही आहेत. म्हणजे ज्याला सगळं माहितीये, ज्यानं स्वतः ते लिहिलंय, तोच पडद्यावर येऊन आपल्या तोंडावर सांगतो की विसरलो बुवा. हे त्यांनी ठरवून केलं की नट मिळेना म्हणून स्वतःच उभे राहिले, कुणाला माहीत असेल तर कमेंटमधे सांगा, आणि पुरूचं काय ते कुणाला कळलं असेल तर तेही.